ओल्या कपड्यांचं खातं

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे दिवसभर आमच्या बेटावरच्या न्यू नॉरफोक गावाच्या त्याच त्या रस्त्यांवरून, त्याच त्या पुलावरून पेट्रोल जाळत गोल गोल फिरतो, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगतो की न्हाणीघरातला दिवा उगाच चालू होता. हे आज मला हसत सांगता येतंय. गेल्या वर्षी कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर त्याला उभं करून पृथ्वीच्या तापमानावर अर्धा तास ऐकवलं असतं.

सगळं सुरू झालं ते एका पावसामुळे. एप्रिल महिना, दुपारची शिकवणी रद्द झालेली, छत्री घरी राहिलेली. म्हणून वाचनालयात शिरलो, तर आत कुणी बाई 'घरच्या घरी निसर्ग जपण्याचे सोपे उपाय' या विषयावर बोलत होत्या. चहा-बिस्किटं फुकट होती. मी बसलो. तासाभरानं बाहेर पडलो तो वेगळाच माणूस होऊन. 'सोपे' हा शब्द मला फार आवडला होता. ते कुणासाठी सोपे, हे त्या बाईंनी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल आणि नेमका तेव्हाच मी दुसरं बिस्किट घ्यायला उठलो असेन.

रविवारी जेवायच्या टेबलावर मी घसा खाकरला.

"आजपासून आपल्या घराची राहणी बदलणार आहे," मी म्हणालो.

माझी बायको ब्रॉनविन कोकराचं भाजलेलं मटण कापत होती. वृद्धाश्रमात नर्स आहे ती. दिवसभर म्हाताऱ्यांच्या मोठमोठ्या घोषणा ऐकायची तिला सवय आहे. "काय विकत आणायचंय ते आधी सांग," ती म्हणाली.

"काहीच नाही! हीच तर गंमत आहे."

"मग ठीक आहे. बटाटे घे."

आमची लेक इमोजन, वय वर्षं सोळा, फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी राहणी बदलली तेव्हा तुम्ही घरी दारू गाळायला लागला होतात. बाटल्या फुटल्या होत्या."

"ती बिअर होती. आणि हे वेगळं आहे."

खरंच वेगळं होतं. बिअरचा त्रास फक्त मला झाला होता.

मी कामाला लागलो. न्हाणीघराच्या दाराला वाळूचं घड्याळ टांगलं. वाळू संपली की अंघोळ संपली. इमोजनचे केस कमरेपर्यंत. साबण लावून होईतो वाळू संपायची, आणि मी बाहेरून दारावर टकटक करायचो. "बाबा," आतून ओरडा यायचा, "दाराबाहेर उभं राहून वेळ मोजतात ते तुरुंगातले लोक!" स्वयंपाकघरात मी ओल्या कचऱ्याची बादली ठेवली आणि परसात खताचा ढीग घातला. पहिल्याच आठवड्यात एका पोसमनं, रात्री हिंडणाऱ्या मांजराएवढ्या प्राण्यानं, तो ढीग उपसून सगळी सालं-टरफलं शेजाऱ्याच्या पायरीवर नेऊन मांडली. शेजारी केल्विन सज्जन माणूस. त्यानं ती गोळा करून पुन्हा आमच्याकडे आणून दिली आणि विचारलं, "नेव्ह, हे तुझं आहे वाटतं?" मी त्यालाही थोडं ज्ञान दिलं.

पण माझा सगळ्यात आवडता हुकूम कपड्यांचा होता. त्या बाई म्हणाल्या होत्या की कपडे वाळवायचं यंत्र म्हणजे घरातला मोठा खादाड. मी दुसऱ्याच दिवशी आमचा ड्रायर एका ओळखीच्याला देऊन टाकला. आता कपडे दोरीवर, उन्हात, वाऱ्यात. किती साधं! किती सुंदर! मी परसात उभा राहून त्या रिकाम्या दोरीकडे अभिमानानं बघितल्याचं मला आठवतं.

ती रिकामी होती, कारण कपडे वाळत घालणारी ब्रॉनविन अजून कामावरून यायची होती.

मे महिन्यात, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात थंडी सुरू होताना, माझ्या सासूबाई राहायला आल्या. ऊना त्यांचं नाव. वर डोंगरात बॉथवेलला एकट्या राहायच्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, काठी घेऊन चालत होत्या, आणि हिवाळा आमच्याकडे काढायचा असं मायलेकींचं ठरलं होतं. मी ट्रेलर घेऊन त्यांचं सामान आणायला गेलो. पलंग, खुर्ची, शिवणाचा डबा, आणि दुलईत गुंडाळलेलं एक चौकोनी धूड.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ड्रायर," सासूबाई म्हणाल्या. "कॉलिननं दिलेला."

कॉलिन म्हणजे माझे सासरे. ते जाऊन काही वर्षं झाली होती.

"ऊना, आमच्याकडे आता ड्रायर वापरत नाहीत."

"नका वापरू की. माझा आहे."

"तसं नव्हे. घराचं एक धोरण आहे."

"अरे वा," सासूबाई ट्रेलरकडे काठी करून म्हणाल्या, "मग ते धोरण नीट बांध, घाटात पडायला नको."

घरी आल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, पटतंय. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नेव्हिल, या बेटावरची वीज कुठून येते?"

"बरीचशी धरणांतून."

"धरणं कुणी बांधली?"

"कॉलिन आणि... त्यांच्यासारख्या लोकांनी."

"म्हणजे माझं यंत्र पाण्यावर चालतं. तुझी गाडी कशावर चालते?"

इमोजननं फोनमधून डोकं वर काढलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

मी समुद्राखालच्या तारेचं सांगितलं. आपण वाचवलेली वीज तिकडे मुख्य भूमीवर जाते, तिथला कोळसा तेवढा कमी जळतो. मुद्दा खरा होता, पण सांगताना माझा आवाज चिरकला. सासूबाई म्हणाल्या, "असं का. तिकडच्यांना माझा नमस्कार सांग." आणि ड्रायर त्यांच्या खोलीत लागला. मी जाहीर केलं की तो फक्त त्यांच्या कपड्यांसाठी आहे, बाकी घर दोरीवरच चालेल.

आमच्या खोऱ्यातला हिवाळा ज्यानं काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. नदीवरचं धुकं पहाटे वर चढतं आणि दुपारपर्यंत गावाच्या उरावर बसून राहतं. ब्रॉनविन सकाळच्या पाळीला निघायच्या आधी, अजून झुंजूमुंजू असताना, अंगणात जाऊन कपडे वाळत घालायची. संध्याकाळी इमोजन शाळेतून आली की काढायची. सकाळी गेले त्याहून ते जड होऊन परत यायचे. मग खुर्च्यांवर, दारांवर, दिव्यावर, जिथे जागा मिळेल तिथे लोंबायचे. घरभर ओल्या लोकरीचा वास. ब्रॉनविनचा गणवेश कधी सुकलेला नसायचा. "आश्रमात आजोबा विचारत होते," ती एकदा म्हणाली, "बाहेर पाऊस आहे का म्हणून. मी त्यांना आधार देऊन उठवत होते, त्यांना माझ्या बाहीचं पाणी लागलं."

"वसंत येईलच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा माझा तेव्हा समज होता.

मग माझ्यावरही पाळी आली. एका सकाळी माझ्या सगळ्या विजारी ओल्या. सासूबाईंच्या खोलीतून ड्रायरचा घुंऽऽ आवाज येत होता आणि त्यांच्या फ्लॅनेलच्या झग्याला तिथे गरमागरम शेक मिळत होता. "दे इकडे, टाकते आत," त्या म्हणाल्या. पण मी तत्त्वाचा माणूस. त्यातल्या त्यात बरी विजार चढवली आणि कामावर गेलो.

पहिली शिकवणी ग्लेनिसची होती. साठी ओलांडलेली बाई. नवऱ्याची नजर गेली, म्हणून या वयात गाडी शिकायला घेतली होती. थंडी फार होती, मी गाडीतला हीटर पायाकडे पूर्ण सोडला. पूल ओलांडून पलीकडे गेलो नाही तोच तिनं गाडी हळू केली.

"नेव्हिल, समोरचं दिसत नाही."

"घाबरू नको. धुकं आहे. दिवे लाव."

"धुकं बाहेर असतं," ग्लेनिस म्हणाली. "हे आत आहे."

मी खाली बघितलं. माझ्या मांड्यांमधून वाफ निघत होती. भात शिजायला लागल्यासारखी, संथ आणि भरपूर. चारी काचा पांढऱ्या झाल्या होत्या. ग्लेनिसनं आरसा बघितला, इशारा दिला, खांद्यावरून मागे नजर टाकली आणि गाडी अगदी नियमात कडेला घेतली. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "तुला डॉक्टरकडे नेऊ का? मला येतो तिथला रस्ता."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी घरातल्या फटींकडे वळलो.

आमचं घर जुनं, लाकडी फळ्यांचं. वारा एका बाजूनं येतो आणि मनात आलं तर दुसऱ्या बाजूनं जातो. फटी बुजवल्या की निम्मं काम झालं, असं कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खोटंही नाही. मी दारांखाली घालायला कापडाच्या लांब वळकट्या करवून घेतल्या. करवून घेतल्या म्हणजे इमोजननं शिवल्या, सासूबाईंनी शिकवलं आणि मी त्यांत भरायला तांदूळ आणला. खिडक्यांच्या कडांना पट्ट्या चिकटवल्या. घर जरासं उबदार झालं. मी शेफारलो.

बैठकीच्या खोलीत एक जुनी उघडी शेकोटी आहे. हीटर बसवल्यापासून आम्ही ती पेटवली नव्हती. तिच्या धुराड्यातून घरातली ऊब थेट आभाळात जाते, हे माझ्या ध्यानात आलं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी माझी तरुणपणची झोपायची पिशवी, ती जाड, पिसं भरलेली, गुंडाळून त्या धुराड्यात वर सारली. काठीनं ठोकून ठोकून पक्की बसवली. तेवढ्यात फोन वाजला. पुढच्या शिकवणीचा माणूस बाहेर वाट बघत होता. मी हात झटकले आणि निघालो.

त्या हिवाळ्यात मी घरातल्या माणसांना न्हाणीघराच्या वाळूपासून समुद्राखालच्या तारेपर्यंत सगळं सांगितलं होतं, काही काही तर पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. एवढी एक गोष्ट मात्र सांगायची राहिली.

जुलैमधल्या एका दुपारी मी ग्लेनिसला घेऊन गावातून चाललो होतो. मागून अग्निशामक दलाचा बंब भोंगा वाजवत आला.

"आता काय करायचं?" मी मास्तरकीच्या सुरात विचारलं.

"डावीकडे घ्यायचं, थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं," ग्लेनिस म्हणाली आणि तिनं तसं केलं. बंब गेला.

"शाब्बास. आता बंबापासून सुरक्षित अंतर ठेवून जायचं."

"त्यांच्या मागे?"

"आपल्याला तिकडेच वळायचंय की."

खरं म्हणजे मला बघायचं होतं कुणाच्या घरी काय झालंय ते. बंब चर्चच्या कोपऱ्यावर वळला. आम्हीही वळलो. बंब टेकाडाच्या रस्त्याला लागला. "माझ्याच वस्तीत दिसतंय," मी जरा उत्सुकतेनं म्हणालो. बंब आमच्या गल्लीत शिरला. मग आमच्या फाटकासमोर थांबला, आणि मला आमच्या दारातून, खिडकीतून, पत्र्याखालून करडा धूर निघताना दिसला.

गाडी थांबायच्या आधीच मी दार उघडलं. मागून ग्लेनिस ओरडली, "नेव्हिल, आधी मागचं बघ!" मी काही बघितलं नाही. पळालो. तोंडातून फक्त "ऊना, ऊना" एवढंच निघत होतं.

सासूबाई अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, केल्विनच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगावर केल्विनचं ब्लँकेट, हातात केल्विनचा चहा. तोंडावर काजळी. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो.

"लागलं का? श्वास येतोय ना? कुठं दुखतंय?"

"नेव्हिल," त्या खोकत म्हणाल्या, "ऊठ. चिखल आहे."

झालं होतं असं, की वरच्या रस्त्याला झाड पडून गावातली वीज गेली होती. हीटर बंद, घर गार पडलेलं. सासूबाईंनी शेकोटीत चार लाकडं रचून पेटवली. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. धूर वर जाईना. वर गेलेला परत खाली आला, आणि खोली बघता बघता भरली. त्या काठी टेकत बाहेर पडल्या, दार उघडं टाकलं आणि केल्विनला हाक मारली. खुबा अजून पुरता बरा नव्हता. वाटेत पाय अडखळला असता तर, हा विचार मला अजूनही भर दुपारी येतो, आणि तेव्हा मला काही विनोद सुचत नाही.

दलाची प्रमुख म्हणजे तानिया. आमच्याकडे दलात सगळे गावचेच लोक असतात, आपापली कामं टाकून येतात. तानिया केस कापायचं दुकान चालवते, आणि तिला गाडी मीच शिकवली होती. लाकडं बाहेर काढून विझवली, पंखा लावला. मग ती हातात काहीतरी काळं, ओलं, पिसं गळणारं धरून बाहेर आली. जळका वास सुटला होता.

"धुराड्यात हे अडकलं होतं," ती म्हणाली. "आधी वाटलं, एखादा मोठा पक्षी मेलाय. पण याला चेन आहे."

सगळे त्या वस्तूकडे बघत होते. केल्विन, दलाची माणसं, गाडी नीट लावून, हँडब्रेक ओढून आलेली ग्लेनिस. तेवढ्यात इमोजनही शाळेतून येऊन फाटकात उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "ही तुमची झोपायची पिशवी ना?"

"ऊब... ऊब वर जात होती," मी म्हणालो.

तानियानं मान हलवली. गाडी शिकताना मी तिला जे वाक्य रोज ऐकवायचो, तेच तिनं मला ऐकवलं, अगदी माझ्याच सुरात. "घाई करू नका, आधी आजूबाजूच्यांना कळू द्या तुम्ही काय करणार आहात."

घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडून ठेवायला सांगून ते गेले. दोन महिने मी तांदळाच्या वळकट्यांनी आणि पट्ट्यांनी जी ऊब राखली होती, ती तासाभरात खोऱ्यात निघून गेली. आम्ही अंगणातच बसलो. ब्रॉनविनला फोन केला होता, ती येत होती. इमोजनला काय करावं सुचेना, म्हणून ती सवयीनं दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे थंडीनं ताठरले होते. ती मधेमधे हात तोंडाशी नेऊन फुंकर घालत होती.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"इकडे ये गं," त्या म्हणाल्या. "बोटं दाखव."

इमोजननं हात पुढे केले. बोटांची पेरं लाल होऊन सुजली होती. एका ठिकाणी कातडी फुटली होती. मी तिला रोज बघतो. ते मी पाहिलं नव्हतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"जूनपासून. आईची पण अशीच आहेत," इमोजन म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात ना, वसंत येईलच."

सासूबाईंनी चहाचा कप तिच्या हातांत दिला, धरून ठेवायला. मग त्या माझ्याकडे वळून, पण जास्त करून स्वतःशीच, बोलायला लागल्या.

"बॉथवेलला आमचं नवीन बिऱ्हाड होतं तेव्हा मला पाच पोरं. धाकटी दोघं लंगोटातली. रोज दोरीभर लंगोट. सकाळी बघावं तर पाट्यांसारखे कडक. मोडून घरात आणायचे. चुलीपुढे एक एक धरून उभी राहायचे. बोटं फुटायची, रक्त लंगोटाला लागायचं, तो परत धुवायचा. एकदा मी दोरीखालीच बसले आणि उठलेच नाही. कॉलिन धरणावरून घरी आला तर मी तिथेच, पोरं आत रडतायत. तो काही बोलला नाही. त्याला बोलता यायचंच नाही फारसं. पुढच्या खेपेला आला तेव्हा ट्रकमध्ये ड्रायर होता. बॉथवेलात तेव्हा कुणाकडेच नव्हता. बायका बघायला यायच्या." त्यांनी अंगावरचं ब्लँकेट सारखं केलं. "हा आत्ताचा तिसरा. जायच्या आदल्या वर्षी आणलेला. म्हणाला, आता पोरं नाहीत, पण हात तेच आहेत ना."



"तुझं चुकीचं नाही, नेव्हिल," सासूबाई म्हणाल्या. "जग वाचवावं माणसानं. पण या घरात हुकूम तुझे आणि हात ह्या दोघींचे. मी आल्यापासून तुला एक चिमटा उचललेला पाहिला नाही."

"मी कामावर असतो..."

"ब्रॉनविन काय सहलीला जाते?"

फाटक वाजलं. ब्रॉनविन आली होती, ओलसर गणवेशात. आईला बघितलं, लेकीला बघितलं, उघडी खिडकी, काळी भिंत आणि चिखलात पडलेली पिसांची पिशवी बघितली. शेवटी मला. मला वाटलं, आता ओरडेल. ती चिखलातच माझ्या शेजारी बसली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कुठल्या क्षणी हसण्याचं राहिलं नाही ते मला कळलं. उशिरा का होईना, त्या दिवशी मला बऱ्याच गोष्टी कळत होत्या.

"कपड्यांचं खातं माझ्याकडे दे," मी म्हणालो. "आजपासून. धुण्यापासून घडीपर्यंत."

"झेपेल?"

"त्या बाई म्हणाल्या होत्या, सोपं आहे."

झेपलं नाही. पहिल्या दिवशी मी शर्ट खांद्यांना चिमटे लावून टांगले. सगळ्यांच्या खांद्यांना शिंगं आली. इमोजन तशीच शाळेत गेली आणि येऊन माझ्याशी बोलली नाही. मोजे जोडीनं लावायचे असतात हे मला माहीत नव्हतं. ब्रॉनविनचा लाल स्वेटर चादरीबरोबर धुतला आणि आम्ही सगळे गुलाबी चादरींवर झोपायला लागलो. सासूबाई खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या आणि माझं काही चुकलं की काचेवर काठी वाजवायच्या. "झटक! झटकून घाल! अरे, तो टॉवेल आहे, दुमडून काय ठेवतोस, चोराचा माल आहे का तो?"

हळूहळू काही गोष्टी कळत गेल्या. झुंजूमुंजू असताना कपडे बाहेर नेण्यात अर्थच नाही. धुकं दुपारच्या जेवणाच्या आसपास उठतं, कपडे तेव्हा न्यायचे. ब्रॉनविनला हे माहीत होतं, पण त्या वेळी ती कामावर असायची. हुकूम माझा असल्यामुळे वेळ तिनं शोधायची होती. मी माझ्या शिकवण्या हलवल्या. टेकाडावरचे विद्यार्थी एका दिवशी, नदीपलीकडचे दुसऱ्या दिवशी, दुपार मोकळी. त्यामुळे रिकाम्या गाडीच्या फेऱ्याही बऱ्याच वाचल्या, जे मी एप्रिलमध्येच करायला हवं होतं. पण तेव्हा मी वाळूच्या घड्याळात गुंतलो होतो. उत्तरेच्या व्हरांड्यात पत्र्याखाली मी एक दोरी बांधली. तिथे ऊन येतं आणि दव पडत नाही. आणि धुकं उठलंच नाही अशा दिवसांसाठी मी जाऊन सासूबाईंच्या दारावर टकटक करायला लागलो.

"कोण?"

"मी. ब्रॉनविनचा गणवेश आहे. एवढाच."

"धोरण काय म्हणतंय?"

"धोरण ओलं झालंय, ऊना."

"आण इकडे."

वाळूचं घड्याळ मी काढून टाकणार होतो, पण इमोजननं ते ठेवून घेतलं. माझ्या अंघोळीला लावते ती आता. मी म्हणे तिच्याहून जास्त वेळ घेतो. मी आत गातो, त्यामुळे होतं तसं.

ऑक्टोबरात सासूबाईंचा खुबा ठीक झाला आणि त्यांना आपल्या घरी जायची घाई लागली. मी ट्रेलर जोडला. पलंग, खुर्ची, शिवणाचा डबा चढवला. ड्रायर मी स्वतः दुलईत गुंडाळून बांधला आणि घाटात दोनदा थांबून दोर तपासले. बॉथवेलला पोचल्यावर तो न्हाणीघरात बसवून दिला, चालवून बघितला. मग हत्यारं घेऊन त्यांच्या मागच्या ओसरीत पत्र्याखाली एक दोरी बांधली. मुद्दाम खाली, त्यांना हात वर करावे लागू नयेत अशी.

सासूबाई काठीशिवाय उभ्या राहून बघत होत्या. दोरी त्यांनी ओढून पाहिली. एक टॉवेल आणला, झटकला, दोन चिमटे लावले.

"उंची बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ऊन असेल तेव्हा वापरीन."

"आणि नसेल तेव्हा?"

"तेव्हा मी कॉलिनचं ऐकणार."

त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. मटणाचा रस्सा, घरचा पाव. गप्पा लांबल्या. त्या सासऱ्यांबद्दल बोलत होत्या, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकत होतो. निघालो तेव्हा पश्चिमेकडून ढग येत होते. वाटेतल्या हॅमिल्टन गावाच्या अलीकडे थेंब सुरू झाले. मी मनात म्हटलं, छान, परसातल्या बटाट्यांना पाणी मिळेल. आणि मग गावाच्या पुलावर आल्यावर मला आठवलं. सकाळी निघायच्या आधी, आकाश निळं म्हणून, मी घरातल्या सगळ्या चादरी बाहेर घातल्या होत्या.

फाटकातून आत शिरलो तो पाऊस कोसळत होता. चादरी दोरीवर लोंबत होत्या, जमिनीला टेकल्या होत्या. आणि खिडकीच्या आत, कोरड्या, उबदार खोलीत, ब्रॉनविन आणि इमोजन हातांत चहा घेऊन शेजारी शेजारी बसल्या होत्या.

मी काचेवर थाप मारली. इमोजननं खिडकी इंचभर उघडली.

"तुम्ही बघताय! काढल्या का नाहीत?"

"तुझं खातं आहे," ब्रॉनविन म्हणाली. "आम्ही कशाला ढवळाढवळ करू?"

"बाबा," इमोजन म्हणाली, "चिमटे आधी टोपलीत टाका, चादरीबरोबर ओढू नका. मोडतात."

खिडकी लागली. मी पहिली चादर काढायला घेतली. ती गुलाबी होती आणि माझ्या वजनाची झाली होती.